शिशाच्या जिगचे ओतकाम आणि पावडर रंग : सारा हिशेब उष्णतेचा

आपण एक प्रश्न विचारला असला, तरी त्यात चार प्रश्न आहेत. जिग म्हणजे गळावर शिशाचे डोके ओतून केलेले मासेमारीचे आमिष. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या आपल्या जिगची काही डोकी अर्धवट भरतात. पावडर रंग चकचकीत दिसतो, पण दगडावर आपटताच त्याचे टवके उडतात. गळाचे नेढे, म्हणजे तंगूस (मासेमारीचा दोरा) बांधायचे भोक, दर वेळी रंगाने बुजते. शिवाय घरात लहान मुले असताना हे काम करावे की नाही, याची आपल्याला धाकधूक वाटते. पहिल्या तीन तक्रारींचे मूळ एकच आहे आणि ते रंगाच्या डबीत नाही. धातू, साचा, गळ आणि भुकटी यांपैकी कोणाला किती उष्णता मिळाली आणि ती किती वेळ टिकली, यावर या कामाचे यशापयश ठरते. चौथा प्रश्न निराळा आहे. तो सुटल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

शिसे ३२७.५ अंश सेल्सिअसला वितळते आणि सुमारे १,७५० अंशांना उकळते. ओतकाम साधारण ३७० ते ४२५ अंशांत चालते, आणि तेवढ्या तापमानाला शिशाची वाफ फारच कमी होते. तापमान ५०० अंशांच्या पुढे जाऊ दिले, तर मात्र धुराचा धोका वेगाने वाढतो. त्यामुळे बहुतेकांना धुराची भीती वाटते आणि धुळीकडे त्यांचे दुर्लक्ष होते, वास्तविक घरातल्या माणसांपर्यंत शिसे पोहोचते ते मुख्यतः धुळीतून. वितळलेल्या शिशावर जमणारी करडी मळी हाताळताना भुकटी होऊन उडते, कानस मारताना बारीक कीस पडतो, आणि हे सगळे बोटांवर, बाह्यांवर आणि चपलांच्या तळव्यांवर बसून घरात येते. रांगणारे मूल हात जमिनीवर टेकवते आणि तोंडात घालते, एवढा साधा मार्ग पुरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लहान मुलांच्या रक्तातील शिशाची संदर्भ पातळी २०२१ मध्ये डेसिलिटरमागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. तीही सुरक्षित पातळी नव्हे, त्याहून अधिक आढळल्यास लक्ष घालावे एवढाच तिचा अर्थ आहे.

म्हणून स्वयंपाकघर आणि राहत्या खोल्या या कामासाठी वर्ज्य समजाव्यात. जागा वेगळी आणि हवा खेळती असावी, पण वारा भांड्यावरून आपल्या तोंडाकडे येऊ नये. कामाचे कपडे आणि पादत्राणे वेगळी ठेवावीत. ते कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत. जमीन झाडूने कधीही झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करावे. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनरही वापरू नये, कारण बारीक धूळ त्याच्या गाळणीतून निसटते आणि मागच्या बाजूने पुन्हा खोलीभर पसरते. मळी काढताना पी-१०० दर्जाच्या गाळण्या लावलेला मुखवटा घालावा, कापडी रुमालाचा उपयोग नाही. काम चालू असताना खाणे, पिणे, तंबाखू पूर्ण बंद, आणि काम संपल्यावर साबणाने हात व तोंड धुतल्याखेरीज कशालाही हात लावू नये. गरोदर स्त्रिया आणि मुले त्या जागेत अजिबात नकोत. जो नियमित ओततो त्याने वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. एवढे पाळण्याजोगी वेगळी जागा नसेल, तर माझे स्पष्ट मत असे की ओतकाम करूच नये. न रंगवलेली तयार डोकी विकत मिळतात, ती हातमोजे घालून हाताळावीत आणि घरी केवळ रंगकाम करावे. या छंदातला अर्धा आनंद रंगातच आहे.

दुसरा धोका पाण्याचा आहे, आणि तो क्षणात अंगावर येतो. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते. ओलसर शिशाचा तुकडा वितळलेल्या धातूत बुडाला, की त्याखाली अडकलेले पाणी स्फोटासारखे उसळते आणि भांड्यातले शिसे चेहऱ्यापर्यंत उडवते. जुनी बुडीदे (तंगूस पाण्यात बुडवणारी शिशाची वजने) आतून पोकळ किंवा भेगाळलेली असतात, वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असू शकते. म्हणून भंगार नेहमी थंड, रिकाम्या भांड्यात टाकूनच भांडे तापवावे. वितळलेल्या धातूत भर घालायचीच असेल, तर आधी स्वच्छ भंगार वितळवून कोरड्या लाद्या पाडून ठेवाव्यात आणि त्या भांड्याच्या कडेवर तापवून मग आत सोडाव्यात. डोळ्यांवर चष्मा पुरेसा नाही, चेहरा झाकणारे पारदर्शक ढाल-आवरण हवे. चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट घालावेत. कृत्रिम धाग्याचे कापड थेंब पडताच वितळून कातडीला चिकटते.

आता धातूविषयी. जिगसाठी मऊ, शक्य तितके शुद्ध शिसे उत्तम. नखाने ओरखडा उमटला तर ते मऊ. अँटिमनी मिसळलेले शिसे कठीण असते आणि त्याच साच्यात किंचित हलके भरते. बारीक काटेरी मान (मऊ आमिष अडकवण्यासाठी डोक्यामागे असलेला भाग) असलेल्या डोक्यांत ते ठिसूळपणामुळे त्रास देते, मोठ्या आणि साध्या आकारांना चालते. चाकांच्या तोलवजनांचे भंगार घेताना विशेष सावध राहावे, कारण त्यात जस्ताची वजने मिसळलेली असतात. जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि शिशापेक्षा हलके असते, त्यामुळे भांडे ४०० अंशांच्या आत ठेवल्यास जस्ताचे तुकडे न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. तापमान त्याच्या पुढे गेले आणि जस्त विरघळले, की धातू दाट होतो, साचा भरत नाही, आणि त्या भांड्यातला सगळा माल ओतकामाच्या कामातून जातो. जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या तर कधीही वितळवू नयेत. त्यांत गंधकाम्ल असते आणि त्यांच्या मिश्रधातूंतून अतिविषारी वायू निघू शकतात. डाखाचे (सांधे जोडण्याच्या शिसे-कथिलाच्या मिश्रणाचे) भंगार मिसळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण कथिलामुळे धातू पातळ वाहतो. त्याचे एक गाऱ्हाणे रंग भाजताना पुढे येते, ते तिथेच सांगतो.

अर्धवट भरलेल्या डोक्यांचे कारण दहांत नऊ वेळा थंड साचा हे असते. धातू पुरेसा तापला आहे म्हणून साच्याकडे कोणी पाहत नाही, पण ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने ओढून घेते. पोकळीच्या अरुंद भागात शिसे शिरते न शिरते तोच गोठते. पृष्ठभागावर सुरकुत्या, गोलसर बुजऱ्या कडा, मानेवरचा काटा अपुरा, ही सारी थंडीची लक्षणे आहेत. साचा भांड्याच्या कडेवर ठेवून तापवावा आणि सुरुवातीचे काही ओत गळ न घालताच ओतावेत. ती डोकी परत भांड्यात जातात, नुकसान काही नाही. कडा धारदार उमटू लागल्या की मग गळ घालावेत. उलट पृष्ठभाग पांढुरका, दाणेदार दिसू लागला तर धातू किंवा साचा जरुरीपेक्षा अधिक तापला आहे, अशा वेळी साचा उघडून थोडा निवू द्यावा. तो पाण्यात बुडवून थंड करण्याचा विचारही करू नये. धातूचे तापमान थर्मामीटरने मोजावे हे खरे, पण डोळ्यालाही एक खूण दिसते. मळी बाजूला सारताच शुद्ध शिशाच्या आरशासारख्या तोंडावर काही क्षणांत सोनेरी, जांभळी झाक चढू लागली, तर आच कमी करण्याची वेळ झाली.

लहान डोक्यांना गळही थंड पाडतो. ज्या डोक्यात जेमतेम १ ते २ ग्रॅम शिसे आहे, त्यात गळाचा पोलादी दांडा आणि नेढे हा मोठाच थंड भाग असतो. असे गळ साच्यात बसवून, साचा मिटून, काही क्षण तसाच धरावा, म्हणजे तेही कोमट होतात. गळावर ओल असेल तर ती यातच निघून जाते, एरवी तीच ओतमुखातून, म्हणजे साच्यात शिसे ओतण्याच्या तोंडातून, शिशाचे थेंब उडवते. गळ त्या साच्यासाठी सांगितलेल्या मापाचा आणि कोनाचाच घ्यावा. नेढ्याजवळचा वाक साच्याच्या खाचेत नीट बसला नाही तर साचा पूर्ण मिटत नाही, जोडरेषेवर शिशाचा पातळ पापुद्रा निघतो, आणि हा पापुद्रा नेमका नेढ्यात शिरतो. साचा नवा असेल किंवा एखादीच पोकळी हट्टीपणा करत असेल, तर तिच्यावर मेणबत्तीच्या ज्योतीची अगदी पातळ काजळी धरावी. काजळी उष्णता थोडी अडवते आणि शिसे शेवटपर्यंत वाहते. जाड थर मात्र देऊ नये, तो डोक्याला चिकटून येतो आणि रंगाला नडतो.

ओत एका दमात पडला पाहिजे. पळीने ओतताना पळीही तापलेली हवी, आणि धार तुटू न देता ओतमुख भरून वर धातूचा किंचित फुगवटा राहीपर्यंत ओतावे. तो वरचा धातू आतले शिसे आक्रसताना भर घालतो. खालून धार सोडणाऱ्या विजेच्या भांड्यात मळी वर राहते आणि स्वच्छ धातू खालून येतो, ही त्याची मोठी सोय. मात्र त्याची तोटी थेंब गाळत राहते, म्हणून खाली कोरडा पत्र्याचा तुकडा नेहमी असावा. मधूनमधून धातूत मेणाचा खडा टाकून ढवळले की ऑक्साइडात अडकलेले शिसे परत मिळते आणि काळी मळी वेगळी होते. मेण पेट घेते, त्यामुळे हात लांब ठेवावा. काढलेली मळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद ठेवावी आणि घातक कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लावावी. साच्यात डोके अडकले तर लाकडी ठोकळ्याने साचा ठोकावा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्यास मऊ ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक जिगवर उमटतो.

ओतमुखाचा तुकडा पक्कडीने पिळून तोडावा आणि पापुद्रा शक्यतो चाकूने तासावा. चाकूने निघालेली साल उचलता येते, कानशीचा कीस आणि पॉलिशपेपरची धूळ उचलता येत नाही. कानस लावावीच लागली तर खाली ओला कागद पसरावा. रंगाआधी डोके स्वच्छ करण्यासाठी व्हिनेगरमध्ये भिजवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मला मुळीच मान्य नाही. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाने शिशाचे लेड ॲसिटेट होते, जे पाण्यात सहज विरघळते आणि शिशापेक्षा कितीतरी सहज अंगात भिनते. चकाकी मिळवण्यासाठी विषाचे द्रावण तयार करण्याचे कारण नाही. ताजी ओतलेली डोकी हात न लावता एक-दोन दिवसांत रंगवली तर काहीच करावे लागत नाही. जुनी झाली असतील तर नायट्रिलचे हातमोजे घालून ॲसिटोन लावलेल्या फडक्याने पुसावीत आणि पूर्ण वाळू द्यावीत. गळाच्या मुळाशी जोडरेषेत अडकलेला ॲसिटोन ज्योतीजवळ पेट घेतो आणि ओव्हनमध्ये रंगाला बुडबुडे आणतो.

आता रंग. पावडर रंग म्हणजे राळ, रंगद्रव्य आणि तिला पक्के करणारे द्रव्य यांची एकजीव बारीक भुकटी. जिगसाठी मिळणारी भुकटी बहुधा पॉलिस्टर किंवा इपॉक्सी जातीची असते. ती दोन टप्प्यांत काम करते, आणि आपल्या दुसऱ्या तक्रारीचे उत्तर याच दोन टप्प्यांत आहे. सुमारे १०० ते १२० अंशांना ती वितळून पसरते आणि चकाकते. इथे रासायनिक बदल फारसा झालेला नसतो, ती केवळ वितळून गोठलेली राळ असते. साधारण १७५ ते १८० अंशांना काही मिनिटे राहिली, की तिचे रेणू एकमेकांशी जाळ्यासारखे जोडले जातात आणि मग ती परत वितळत नाही. चकाकी पहिल्या टप्प्यातच येत असल्यामुळे काम झाले असे वाटते. शिसे मऊ असल्यामुळे दगडावर आपटले की ते स्वतः चेपते. वरचा रंग जाळ्यात बांधलेला असेल तर तो त्या चेपण्याबरोबर थोडा ताणला जातो, नुसती गोठलेली राळ असेल तर काचेसारखी तडकते.

भुकटीत बुडवण्याआधी डोके किती तापले पाहिजे, याचा एक ठरावीक आकडा सांगून उपयोग नाही, कारण डोके तापवल्याच्या क्षणापासून निवू लागते. डोक्याची लांबी, रुंदी आणि जाडी निम्मी झाली तर त्याचा पृष्ठभाग चौथाई उरतो, पण वजन आठव्या हिश्शावर येते. म्हणजे उष्णता साठवण्याची ताकद जितकी घटते तितका ती घालवणारा पृष्ठभाग घटत नाही, आणि लहान डोके जवळपास दुप्पट वेगाने निवते. त्यात शिशाची उष्णता धरण्याची क्षमता मुळातच कमी, पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे ७ ग्रॅमच्या डोक्यावर बसवलेला हाताचा अंदाज २ ग्रॅमच्या डोक्यावर चालत नाही. लहान डोके थोडे अधिक तापवून लगेच बुडवावे लागते. मोठे डोके तेवढेच तापवले, तर भुकटी त्यावर जाड गोळा होऊन बसते.

अचूक खूण भुकटी स्वतःच देते. एका हातात डॉक्टरांच्या चिमट्यासारखी कुलूप होणारी पक्कड घ्यावी, तिने गळ टोकाकडच्या वाकाजवळ पकडावा आणि डोके हीट गनच्या (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राच्या) झोतात गोल फिरवावे. मग एक-दीड सेकंद भुकटीत फिरवून बाहेर काढावे आणि पक्कडीवर बोटाने टिचकी मारावी, म्हणजे सैल भुकटी गळून पडते. आता नुसते पाहत राहावे. पहिल्या क्षणी डोके मखमली, निस्तेज दिसते, मग नाकाच्या टोकापासून ओलसर चकाकी सुरू होते आणि दोन-तीन सेकंदांत मानेपर्यंत सरकते. हे अगदी बरोबर तापमान. चकाकी अर्ध्यावर थांबली, पृष्ठभाग खडबडीत राहिला, तर डोके कमी तापले होते. त्याला परत झोतात क्षणभर धरावे, रंग सपाट होतो. बाहेर काढतानाच ते ओले, जाड आणि ओघळलेले दिसले किंवा त्यातून धूर निघाला, तर फार तापले होते. तो थर नंतर ओव्हनमध्ये टोकाशी थेंब धरतो. एक पातळ थर हा दोन जाड थरांपेक्षा टिकाऊ असतो, हे मी ठामपणे सांगेन.

आपण हीट गन की ओव्हन, असे विचारले आहे. थोडी डोकी असतील तर हीट गन. एकाच वजनाची पुष्कळ असतील, तर ती ओव्हनमध्ये १८० अंशांच्या आसपास टांगून ठेवावीत आणि एकेक काढून बुडवावे, सगळी सारखीच तापलेली असल्यामुळे थरही सारखे बसतात. अगदी लहान डोकी मात्र ओव्हनपासून भुकटीपर्यंतच्या अंतरातच निवतात. स्पिरिटच्या दिव्यावर किंवा टॉर्चवर तापवणारेही आहेत. ज्योत गळाच्या दांड्याला लागली तर पोलादाचे पाणी उतरते आणि मासा लागल्यावर गळ सरळ होतो, ही एक अडचण. उडालेली भुकटी ज्वलनशील असते, ती उघड्या ज्योतीजवळ तरंगता कामा नये, ही दुसरी. या दोन कारणांसाठी मी ज्योत वापरत नाही.

भुकटी डबीत दाबून बसलेली असेल तर कितीही अचूक तापवले तरी थर जाड आणि गुठळ्यांचा बसतो. त्यावरचा उपाय म्हणजे हवेवर तरंगणारी भुकटी. एका नळीच्या तुकड्याच्या तळाशी, हवा जाईल पण भुकटी गळणार नाही असा गाळणकागद घट्ट ताणून बसवतात आणि खालून मत्स्यालयाच्या पंपाची हवा सोडतात. हवा योग्य असली की भुकटी फुगून मंद आचेवरच्या दुधासारखी हलकेच हलते, उतू जात नाही. भुकटीचा ढग बाहेर उडू लागला तर हवा जास्त झाली. म्हणून पंपाच्या नळीवर तोटी हवीच. एवढी खटपट करायची नसेल तर डबी बंद करून प्रत्येक बुडवणीआधी हलवावी आणि भुकटी सैल असतानाच बुडवावे. दमट हवेत भुकटी गठते, तेव्हा बारीक चाळणीने चाळून सिलिका जेलच्या पुडीसह बंद ठेवावी. भुकटी श्वासात जाणेही बरे नाही, मुखवटा इथेही असावा.

नेढे बुजते ते तापवण्याच्या पद्धतीमुळे. नेढे बारीक तारेचे असते, झोतात ते डोक्याच्या आधी तापते आणि भुकटी ओढून घेते. झोत डोक्याच्या नाकावर न धरता खालच्या, जाड भागावर धरला, तर नेढे तुलनेने थंड राहते आणि त्यावर भुकटी नुसती धुळीसारखी बसते. ती कोरड्या ब्रशने झटकता येते. गळाच्या दांड्यावर उडालेली भुकटीही तशीच झटकावी, फक्त ओव्हनमध्ये घालण्याआधी. तरीही नेढ्यात रंग भरलाच, तर तो मऊ असताना जुन्या गळाचे टोक किंवा जाड सुई आरपार घालावी. भाजल्यानंतर टोकरून काढलेल्या रंगाच्या कडा धारदार राहतात, त्या तंगूस कापतात, आणि मासा नेमका गाठीशी तुटून जातो. काट्याकुट्यांपासून गळ वाचवणारा नायलॉनच्या तंतूंचा झुपका बसवायचा असेल, तर त्याचे भोक ओततानाच खीळ घालून राखावे आणि झुपका भाजून झाल्यानंतरच चिकटवावा. सिलिकॉनची झालर, मोत्यासारखे चिकट डोळे, नेलपॉलिशचे ठिपके, हेही सगळे नंतरच.

भाजण्यासाठी छोटा विजेचा ओव्हन घ्यावा, आणि एकदा तो या कामाला घेतला की त्यात अन्न पुन्हा कधीही नको. त्याच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. अशा ओव्हनचे तापमान चालू-बंद होताना २०-३० अंशांनी सहज खालीवर जाते. आत, डोक्यांच्या उंचीवर, वेगळा थर्मामीटर टांगावा. डोकी गळाच्या टोकाकडच्या वाकातून टांगावीत, एकमेकांना किंवा तापक सळ्यांना लागू देऊ नयेत. भुकटीच्या वेष्टणावर जे तापमान आणि वेळ दिलेली असेल ती पाळावी. सर्वसाधारणपणे ती १७५ ते १८० अंशांना १५ ते २० मिनिटे असते. ही वेळ डोके त्या तापमानाला पोहोचल्यापासून मोजायची आहे, दार लावल्यापासून नव्हे. पांढरा आणि झगझगीत रंग अधिक भाजल्यास पिवळट पडतात, त्यांना वेळेपेक्षा जास्त ठेवू नये. झगझगीत रंगांखाली पांढऱ्याचा पातळ थर दिल्यास ते उठून दिसतात, थेट करड्या शिशावर ते मळकट वाटतात. दोन रंग हवे असतील तर पहिल्या थरात बुडवलेले डोके गरम असतानाच पाठीवर दुसऱ्या रंगाचा ब्रश धरून त्यावर टिचकी मारावी, भुकटी पडेल तिथेच वितळते.

डाखाच्या भंगाराचे गाऱ्हाणे इथे निघते. शिसे आणि कथील यांच्या मिश्रणातला सर्वांत आधी वितळणारा भाग १८३ अंशांनाच वितळतो. डाख भरपूर मिसळलेली डोकी १८० अंशांच्या ओव्हनमध्ये, तापमान जरा वर झुकताच, घाम फुटल्यासारखी थेंब सोडू लागतात आणि मानेपाशी झुकतात. शुद्ध शिशाला ही भीती नाही.

रंग पक्का झाला की नाही, हे दगडावर आपटून पाहण्याची गरज नाही. प्रत्येक खेपेतले एक डोके बाजूला ठेवावे, पूर्ण निवू द्यावे आणि ॲसिटोनमध्ये ओलसर केलेला कापूस त्यावर वीसेक वेळा पुढेमागे घासावा. चकाकी थोडी कमी झाली, कापसावर रंगाची पुसट झाक आली, तर ठीक आहे. रंग चिकट झाला, कापूस रंगून निघाला, तर तो केवळ वितळून बसलेला आहे, ती सगळी खेप पुन्हा भाजावी. आपली डोकी आपण हीट गनवर चकाकेपर्यंत तापवता आणि तिथेच थांबता, असे आपल्या वर्णनावरून दिसते. ही चाचणी केलीत तर कापूस बहुधा पूर्ण रंगेल. अशी कच्ची डोकी मऊ प्लास्टिकच्या आमिषांसोबत एकाच डबीत ठेवली, तर त्या प्लास्टिकमधले मऊ करणारे द्रव्य रंगात शिरून त्याचा चिकट लगदा करते, तेही याच कारणाने.

रंगाने शिसे निरुपद्रवी होते, असा समज मात्र करून घेऊ नये. हाताळणाऱ्याच्या बोटांना तो थोडा आडोसा देतो, एवढेच. पाणपक्षी तुटून पडलेली जिग गिळतात, आणि त्यांच्या पोटातल्या पेषणीत अन्न दळण्यासाठी असलेले खडे रंग खरवडून काढतात. लून या उत्तरेकडच्या पाणपक्ष्याला शिशाचा एक तुकडाही मारू शकतो. ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर १९८७ पासून बंदी आहे, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची बुडीदे व जिग १९९७ पासून चालत नाहीत. मासेमारी जिथे करायची तिथला नियम ओतण्यापूर्वीच पाहावा.

शिसे सोडून दुसरा धातू घ्यायचा झाला तर घरी ओतण्याजोगे दोन आहेत, आणि त्यांचा रंगाशी थेट संबंध येतो. नुसते कथील २३२ अंशांना वितळते, म्हणजे १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये ते टिकते. पण त्याची घनता ७.३, शिशाची ११.३४, त्यामुळे त्याच साच्यातले डोके जवळपास तिसऱ्या हिश्शाने हलके भरते. बिस्मथ ५८ टक्के आणि कथील ४२ टक्के हे मिश्रण ओतायला फार सोपे आहे आणि त्याचे डोके शिशाच्या पाऊणपट वजनाचे होते. मात्र ते १३८ अंशांनाच वितळते. त्यावर पावडर रंग बुडवून घेता येईल, पण भाजायला ओव्हनमध्ये टांगलेत तर काही मिनिटांत गळ तेवढे टांगलेले राहतील आणि धातू खालच्या ताटलीत साचेल. बिस्मथाच्या डोक्यांना हवेत वाळणारा व्हिनाइलचा जिग-रंग द्यावा आणि त्यावर दोन भागांच्या इपॉक्सीचा पातळ पारदर्शक थर चढवावा.